गजभिये सिस्टरचं पाठपोट पत्रक

गजभिये सिस्टर आमच्या लेआउटमध्ये राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते माझी नाडी बघण्याचं. सामानाचा टेम्पो दारात उभा होता. कूलर उतरवायला हात कमी पडत होते म्हणून मी पुढे झालो. कूलर आत नेऊन ठेवला आणि धापा टाकत ओट्यावर बसलो, तेवढ्यात एका ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं येऊन माझं मनगट धरलं. साडीला पिनेनं उलटं घड्याळ लावलेलं होतं, त्यात बघत त्या अर्धा मिनिट ठोके मोजत राहिल्या. मग मनगट सोडून म्हणाल्या, "तर्री कमी कर बापा. नाव काय तुहं?"

मी प्रकाश. हुडकेश्वरच्या पुढे, शहर संपतं न संपतं तिथे आमची नगरपंचायत आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच राहतात आणि माझ्याशी बरी वागतात. चौकात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मुख्य म्हणजे फ्लेक्स. सिस्टर सरकारी दवाखान्यातून वॉर्ड इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन कामठीला. निवृत्तीच्या पैशात त्यांनी आमच्या समोरचं दोन खोल्यांचं घर घेतलं.

नोकरी सुटली तरी ड्यूटी काही सुटली नव्हती. सकाळी सातला अंघोळ, पातळ नीट चापून नेसलेलं, घड्याळ लावलेलं, आणि मग लेआउटमधून एक राउंड. कोणाच्या दारात चपला वेड्यावाकड्या दिसल्या की "घरात आजारी कोण हाय?" म्हणून आत जायच्या, आणि बहुतेक वेळा खरंच कोणी आजारी असायचं. दुपारी दोन ते साडेतीन झोप. त्या वेळात कोणी दार वाजवायचं नाही. एकदा गॅसवाल्यानं वाजवलं, तर त्याला उन्हातून आत घेतलं, पाणी दिलं, आणि "आता दारापाशी बस, माही झोप झाल्यावर जा" असं सांगून पुन्हा झोपल्या. तो बिचारा बसून राहिला. पुढच्या वेळेपासून सिलिंडर साडेतीननंतर येऊ लागलं.

बोलण्याची त्यांची एक तऱ्हा होती. माणूस कशाबद्दलही तक्रार करू लागला की मध्येच थांबवून विचारायच्या, "दुखते कुठं?" रस्ता खराब आहे, सून ऐकत नाही, लाइट गेली, सगळ्याला हाच प्रश्न. माणूस आधी चिडायचा, मग विचार करायचा, आणि अर्ध्या वेळा तक्रार भलतीच निघायची. माझी बायको वैशाली एकदा नळाचं पाणी गढूळ येतं म्हणून अर्धा तास बोलली. सिस्टरनं विचारलं, "दुखते कुठं वं?" तर वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गोष्ट निघाली ती तिच्या भावाशी झालेल्या भांडणाची. पाणी तेव्हाही गढूळच होतं, पण ती हलकी होऊन घरी आली.

त्यांच्या राजकारणाचं मूळ मला समजलं ते एका हिवाळ्यात, त्यांच्या ओट्यावर संत्री खाताना. आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली होती आणि घरटॅक्स एकदम वाढला होता. दोन खोल्यांच्या घराला झेपेना इतका. सगळीकडे तोच विषय. मी म्हणालो, "टॅक्स कमी करायला काय लागतं? एक सही."

सिस्टर संत्र सोलत होत्या. म्हणाल्या, "मी लेबर वॉर्डात होती तवाची गोष्ट सांगतो तुले. एक दिवस ऑर्डर आली, पेशंटच्या चिठ्ठीचे, म्हंजे केसपेपरचे, पैसे कमी केले म्हणून. हार-तुरे झाले, पेढे वाटले. मीही खाल्ला. आन् थ्याच महिन्यात कापूस येनं बंद झालं. हातमोजे बंद. कोणी सांगतलंच नाई का हे बंद होणार हाय म्हणून. एक पोरगी कळा देऊन राह्यली अन् तिची सासू रस्त्यापलीकडच्या दुकानातून कापूस आणून राह्यली. चिठ्ठीत वाचले त्याच्या कितीतरी पट तिनं तिथं देल्ले. मले म्हणे, सिस्टर, चिठ्ठी महाग होती तेच बरं होतं."

"मग चिठ्ठीचे पैसे कमी करायचेच नाहीत?"

"काहून नाई? करा ना. गरिबाले झेपत नाई तर कराच. पण काय बंद होणार हाय ते त्याच कागदावर लिहा. लोकायले ठरवू द्या, कापूस बंद करायचा का साहेबाच्या खोलीतला एसी." संत्र्याची फोड माझ्या हातात देत म्हणाल्या, "एक कागद. दोन नाई."

पुढच्या नगरपंचायतीच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. बुद्धविहारातल्या बायांनी सिस्टरना गळ घातली. कोणत्या पक्षाचं तिकीट घेतलं नाही, अपक्ष उभ्या राहिल्या आणि पत्रक छापायला माझ्याकडे आल्या. हातानं लिहिलेला कागद होता, मधोमध रेघ. डावीकडे लिहिलं होतं, 'हे कमी करीन': लहान घरांचा टॅक्स. उजवीकडे, 'त्यासाठी हे बंद करीन': गावाच्या वेशीवरची नवी कमान, बगिचातलं गाण्यावर नाचणारं कारंजं, अध्यक्षांची दुसरी गाडी, चांगल्या रस्त्यावर पुन्हा सिमेंट, आणि सणावारांचे शुभेच्छा फ्लेक्स.

मी टाइप करत खालपर्यंत आलो आणि हात थांबले. नगरपंचायतीचे फ्लेक्स म्हणजे माझ्या दुकानाचं निम्मं काम.

"सिस्टर, हे तर माझं आहे."

"माहीत हाय. म्हणून तर तुह्याकडंच छापायले आणलं. दुसरीकडून कळलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं."

मी दुसरी बाजू मांडून पाहिली. "अहो, मत मागायला जाताना हे बंद करीन, ते बंद करीन असं कोणी लिहितं का? उजवीकडचं सगळं काढा. नुसता टॅक्स ठेवा. निवडून आल्यावर पाहू."

"ऑपरेशनच्या पहिले पेशंटची सही घेते का नाई? बेशुद्ध झाल्यावर घेतली तर त्याले सही म्हणते का?"

पत्रक जसंच्या तसं छापलं. दुसऱ्या दिवशी चौकात आलो तर पानठेल्यावर ते चिकटवलेलं दिसलं. अर्धंच. ठेलेवाल्यानं रेघेवर नीट फाडून डावी बाजू तेवढी लावली होती आणि उजवीच्या पुड्या बांधत होता. दुपारपर्यंत आणखी चार ठिकाणी तसंच दिसलं. मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पाठपोट छाप. पुढं टॅक्स, मागं बंद. मंग फाडता नाई येणार."

पाठपोट छापलं. लोकांनी फाडलं नाही, पण भिंतीला लावताना टॅक्सची बाजू वर ठेवून लावलं. मागची बाजू खळीखाली गेली ती गेलीच. सिस्टर ते पाहून इतक्या हसल्या की खुर्ची मागवून बसावं लागलं. मग उरलेले दिवस त्या घरोघरी स्वतः गेल्या. पत्रक हातात द्यायच्या, उलटं करायला लावायच्या, आणि मागचं मोठ्यानं वाचून घ्यायच्या. कोणाकडे चहा नाही, आपली पाण्याची बाटली बरोबर. लोक वाचायचे, मान डोलवायचे. सिस्टर थोड्या मतांनी निवडून आल्या.

निकालानंतर त्यांच्या दारात पहिला आला तो उके, बगिचातलं कारंजं चालवणारा माणूस. रोजंदारीवर होता. रोज संध्याकाळी मोटर सुरू करायची, गाणं लावायचं, दिवे फिरवायचे, एवढंच काम, पण घर त्यावर चालायचं. मी हार घेऊन गेलो होतो, तर हा ओट्याखाली उभा.

"सिस्टर, मत तुम्हालेच देल्लं मी," तो म्हणाला. "घरच्या पाचही जणायनं देल्लं. तुम्ही आल्या तवा घराले कुलूप होतं, कागदाच्या मागं माहं कारंजं हाय हे माहीत नोतं."

सिस्टरनं त्याला वर बोलावून बसवलं. बायको काय करते, पोरं कितवीत, सगळं विचारलं. तो गेला तरी माझा हार तसाच माझ्या हातात. त्या दुपारी दोन वाजता त्या झोपल्या नाहीत. साडेतीनपर्यंत त्यांच्या घरातून पंख्याचा आवाज आणि येरझारा ऐकू येत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "मी लिहिलं कारंजं. लिहाले पायजे होतं उके." दुसऱ्या दिवसापासून त्या पाणीपुरवठ्याच्या टाकीवर जाऊ लागल्या. तिथला वॉल्व्ह फिरवणारा म्हातारा वर्षभरात निवृत्त होणार होता. सिस्टरनं उकेला सकाळी त्याच्या हाताखाली शिकायला बसवलं. संध्याकाळी कारंजं, सकाळी वॉल्व्ह. म्हणजे जागा रिकामी झाली की माणूस तयार. यादीतल्या बाकीच्या गोष्टींमागे कोण कोण उभं आहे ते त्यांनी त्यानंतर एकेक करून पाहिलं. माझ्याकडेही आल्या. मी म्हणालो, माझं चालेल, लग्नपत्रिका आहेत. खरं तर मला चालणार नव्हतं.

मग त्यांनी एक सभा घेतली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर, सगळ्या वॉर्डाची. खडू-फळा मांडला. वॉर्डात आणि गावात होणारे खर्च ओळीनं लिहिले आणि म्हणाल्या, "टॅक्स कमी पायजे?" सगळ्यांचे हात वर. "मंग या, एकेकानं एक ओळ खोडा."

लोक उत्साहानं उठले. मोठ्या घरातल्या लोकांनी झोपडपट्टीतला मोफत टँकर खोडला. झोपडपट्टीतल्या बायांनी बगिचा खोडला. तरुण पोरांनी ज्येष्ठ नागरिकांचा हॉल खोडला, तर ज्येष्ठांनी व्यायामशाळा. बघता बघता फळ्यावर एकही ओळ शिल्लक राहिली नाही, आणि प्रत्येक खोडलेल्या ओळीसाठी कोणीतरी उभं राहून भांडत होतं. सिस्टर कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. आवाज जरा खाली आल्यावर त्यांनी ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या.

"आता पुन्हा. पण यावेळी ज्यानं त्यानं आपलं स्वतःचं खोडायचं."

कोणी उठेना. मग सिस्टरनंच खडू घेतला आणि एक ओळ खोडली. आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता, मंजूर झालेला. त्यांच्या दारातला आणि आमच्याही. वैशालीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोडला. पावसाळ्यात त्या गल्लीत स्कूटर फसते.

"दुसरं कोण?" सिस्टरनं विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची सभ्यता. मी उठलो आणि फ्लेक्सची ओळ खोडली. उठलो कसा, अजून सांगता येत नाही. त्या पाठोपाठ ज्येष्ठांच्या हॉलमधले एक गुरुजी उठले आणि हॉलचा नवा टीव्ही खोडून आले. "जुना चालते," एवढंच म्हणाले. मग दोन बाया. मग एक किराणावाला. सभा संपली तेव्हा सहा-सात ओळी खोडल्या होत्या आणि त्या खोडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, एक मजेदार फुगलेपण होतं. वैशाली मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या यादीवरून सिस्टरनं ठराव केला. लहान घरांचा टॅक्स कमी, आणि त्याच ठरावात, खाली, बंद होणारे खर्च. सर्वसाधारण सभेच्या दिवशी मी बिलासाठी नगरपंचायतीत गेलो होतो, तो मागच्या बाकावर बसून राहिलो. अध्यक्ष दिवाकरभाऊ गोड माणूस. ठराव वाचून झाल्यावर उभे राहिले.

"सिस्टरनं लय मोलाचा विषय मांडला. टॅक्स कमी झालाच पायजे. आपण याचे दोन भाग करू. टॅक्सचा भाग आज मंजूर करू. खर्चाचा भाग पुढच्या सभेत बारकाईनं पाहू. घाई काहून करायची?"

टाळ्या पडल्या. त्यातच कोणीतरी म्हणालं, लहान घरंच कशाला, सगळ्यांचाच कमी करा. पुन्हा टाळ्या. सिस्टर उभ्या राहिल्या. "भाऊ, अर्धं पोट उघडून पेशंटले पुढच्या तारखेवर नाई पाठवत."

सगळे हसले. सगळ्यांच्याच कपातीवर मत घेतलं. सगळे हात वर, सिस्टरचा सोडून. मुख्याधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, ठराव तुमचाच आहे."

"होता. विरोध लिहा माहा."

"एकट्याच आहात."

"मंग एकच लिहा."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं: गजभिये सिस्टरनं टॅक्सकपातीला विरोध केला. जिनं टॅक्स कमी करते म्हणून मतं घेतली तिनंच. खरं होतं ना ते! समजावून सांगायला पाच मिनिटं लागत होती आणि ऐकायला कोणी दोन मिनिटं थांबत नव्हतं. विहारातली एक बाई, जिच्या पेन्शनसाठी सिस्टरनं तालुक्याला चार खेपा घातल्या होत्या, ती दारात उभी राहून बोल बोल बोलली. सिस्टर ओट्यावर बसून ऐकत राहिल्या. ती गेल्यावर ठरावाची नक्कल घेऊन तिच्या घरी गेल्या, तिनं दार उघडलं नाही तर शेजारच्या घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. मशीनमधून दिवाकरभाऊंचा फ्लेक्स बाहेर येत होता: 'टॅक्सकपातीच्या ऐतिहासिक निर्णयाबद्दल हार्दिक अभिनंदन.' मला कुठं तोंड लपवावं कळेना. सिस्टरनं खालपासून वरपर्यंत पाहिला. "फोटो चांगला आला. मिशा काळ्या तू केल्या का?"

"त्यांनीच सांगितलं."

"शोभते." मग त्या स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं. एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला, दोन बोटांनी आपलीच नाडी धरली, घड्याळात बघितलं. "जास्त हाय," त्या म्हणाल्या. "राग आला हाय मले." दुसऱ्याच कोणा पेशंटबद्दल सांगावं तसं. दहा मिनिटं बसून राहिल्या, पुन्हा मोजली, आणि उठून गेल्या.

खर्चाचा भाग पुढच्या सभेत आला नाही. त्याच्या पुढच्याही सभेत नाही. कमान उभी राहिली, कारंजं नाचत राहिलं. उन्हाळा लागला आणि टाकीवरचा पंप जळला. दुरुस्तीला तिजोरीत काही नव्हतं. पाणी एक दिवसाआडऐवजी चौथ्या दिवशी येऊ लागलं. सफाई कामगारांचा पगार थकला आणि ते नगरपंचायतीसमोर उन्हात बसले. सिस्टर छत्री आणि साखर-मिठाच्या पाण्याचा ड्रम घेऊन त्यांच्यात जाऊन बसल्या. येणारे-जाणारे म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही तर म्हटलंच होतं." त्यांना ते आवडायचं नाही. "म्हटलं होतं त्याचं काय लोणचं घालू? माह्याही नळाले पाणी नाई."

एका सकाळी मी त्यांच्या हातपंपावर बादली भरत होतो आणि दिवाकरभाऊ आले. एकटे, पायी. खुर्चीत बसले ते एकदम खचल्यासारखे. "टॅक्स पुन्हा वाढवला तर लोक मले खातीन. खर्च कापला तर मेंबर खातीन. मी करू काय, सिस्टर?"

मी बादली घेऊन निघालो, तर सिस्टरनं हातानंच थांब म्हटलं. दिवाकरभाऊंचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "पहिले पोहे खा." पोहे आले. ते खाताना त्यांना म्हणाल्या, "दोघंही थोडं थोडं खातीन असं कर. एकट्यालेच पोट भरून नको खाऊ देऊ."

मग त्यांनी विहारातल्या फळ्याची गोष्ट सांगितली. लहान घरांचा टॅक्स कमी राहू दे. मोठी घरं आणि दुकानं कपातीआधीच्या दरावर जाऊ दे. आणि प्रत्येक मेंबरनं आपल्या वॉर्डातलं एक आपल्या तोंडानं बंद करायचं, दुसऱ्याचं नाही. "पहिले माही गल्ली घे. नावानिशी लिही." दिवाकरभाऊंनी विचारलं, "आन् श्रेय?" सिस्टर म्हणाल्या, "तूच घे. मले पाणी दे."

विशेष सभा दिवसभर चालली. दोघं ओरडले, एक जण उठून गेला आणि चहा पिऊन परत आला. मनासारखं सगळं झालं नाही. दुसरी गाडी राहिलीच, फक्त तिचा ड्रायव्हर टँकरवर गेला. कमान तर बांधून झालेली होती. पण कारंजं थांबलं, फ्लेक्स थांबले, तीन ठिकाणचं सिमेंट थांबलं. माझ्या दुकानाचा टॅक्स पुन्हा चढला. हे सगळं एका ठरावात, एकाच कागदावर. दिवाकरभाऊंना श्रेय हवं होतं, पण आता नगरपंचायतीच्या खर्चानं फ्लेक्स लावता येत नव्हता. त्यांनी तीन संध्याकाळी रिक्षातून कर्ण्यावर सांगितलं. सिस्टर ओट्यावर बसून ते मन लावून ऐकायच्या आणि कुठे चुकलं तर समोर आमच्या घरी येऊन सांगायच्या.

पंप दुरुस्त झाला. वॉल्व्हवर उके बसला आणि आमच्या भागाला पहाटेऐवजी सहाला पाणी यायला लागलं, बायांची झोप वाचली. मी वह्यांच्या वेष्टनांचं काम सुरू केलं, त्यात फ्लेक्सइतके मिळत नाहीत, पण दुकान चालतं. आमची गल्ली तशीच राहिली. त्या पावसाळ्यात वैशालीची स्कूटर दोनदा फसली आणि दोन्ही वेळा सिस्टर पदर खोचून ढकलायला आल्या. दुसऱ्या वेळी दोघी चिखलानं माखून ओट्यावर बसल्या आणि कशावरून तरी हसत होत्या. मी विचारलं, तर दोघींनी सांगितलं नाही.

पुढच्या निवडणुकीत सिस्टर पडल्या. समोरच्या बाईनं कारंजं पुन्हा सुरू करण्याचं वचन दिलं होतं आणि टॅक्स आणखी कमी करण्याचं. निकाल ऐकून मी त्यांच्याकडे गेलो. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्या झोपल्या होत्या. साडेतीनला उठल्या तेव्हा मी ओट्यावरच होतो. म्हणाल्या, "तू गॅसवाला झाला का आज?" मग आत जाऊन दोन कप चहा आणला. "जास्तच मतं पडली मले, प्रकाश. मागच्यापेक्षा. मोजून पाय."

खरंच जास्त होती. त्या बाईला त्याहून जास्त होती, एवढंच. "या सगळ्यायनं मागची बाजू वाचून देल्ली," असं म्हणून त्या चहा प्यायल्या, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा सापडला नाही.

वर्षभरानं मुलीनं आग्रह करून त्यांना कामठीला नेलं. मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या पत्रिका पोचवायला मी तिकडे गेलो होतो. पत्ता विचारत निघालो तर मैदानावरच दिसल्या. डोक्यावर हेल्मेट, पातळाचा काष्टा, आणि लाल रंगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर ताठ बसून गोल गोल फिरत होत्या. मुलगी मागून पळून पळून थकून एका दगडावर बसली होती. मी "सिस्टर!" म्हणून हाक मारली.

"थांबता नाई येत मले अजून!" त्यांनी ओरडून सांगितलं. "थांबली का पडतो. तू पळत पळत बोल!"

मी पळत पळत बोललो. वैशाली बरी आहे, दुकान बरं आहे, पोरगी दहावीला गेली. त्या समोर नजर ठेवून "हो, हो, मंग?" म्हणत होत्या. कशाला शिकताय या वयात, असं विचारलं, तर म्हणाल्या, बाजारात जायचं म्हटलं की जावईच गाडीवर न्यायला बघतो, त्याला भाजी निवडता येत नाही. दीड फेरीत माझा दम संपला. मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो.

"नाडी पाय आपली!" त्या पुढून ओरडल्या, आणि मैदानाच्या टोकाला, जिथं शेळ्या चरत होत्या, तिथं चांगलं रुंद वळण घेऊन, हॉर्न वाजवत, पलीकडे निघून गेल्या.